चॉकलेट स्टाउटची गोडी लागली आहे; शिकागो परिसरात बिअरचे चांगले दुकान कसे ओळखावे?

नेपरविलकर (मूळ प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

गेल्या जानेवारीत, पारा शून्याच्या बराच खाली उतरलेला असताना, आमच्या एका स्नेह्यांनी जेवणानंतर एक काळीभोर बिअर छोट्या पेल्यांतून सर्वांना दिली. ती यंग्जची डबल चॉकलेट स्टाउट होती. तोपर्यंत बिअर म्हणजे पिवळी, बर्फासारखी थंड आणि उकाड्यात घटाघटा प्यायची गोष्ट अशीच माझी समजूत होती, आणि पुण्यातल्या नोकरीच्या दिवसांत बिअर शॉपीतून आणलेल्या बाटल्यांनी ती पक्की केली होती. या पेल्यातल्या बिअरवर मात्र तपकिरी झाक असलेला मऊ फेस होता, वास कोको घातलेल्या गरम दुधाचा होता आणि घोट गिळल्यावर कडसर चॉकलेटची चव बराच वेळ जिभेवर राहिली. बिअर सावकाश, गप्पा मारत, एकेक घोट घेत पिता येते हे त्या रात्री प्रथम कळले.

पुढच्याच आठवड्यात घराजवळच्या एका छोट्या दुकानातून मी त्याच बिअरच्या चार बाटल्या आणल्या. दुकानाच्या काचेलगतच्या वरच्या फळीवर त्या उभ्या होत्या आणि त्यांच्या खांद्यांवर धूळ होती, पण तेव्हा त्याचे मला काही वाटले नाही. घरी उघडल्यावर वास सोया सॉससारखा आला आणि चव भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागली. चारही बाटल्या तशाच निघाल्या. परत जाऊन विचारल्यावर, स्टाउट अशीच असते, असे उत्तर मिळाले. एकदा चांगली चव घेतलेली असल्यामुळे ते मला पटले नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. या बिअरमधली चॉकलेटची चव नेमकी कुठून येते, ती खऱ्या चॉकलेटची असते की अर्काची? माझ्या बाटल्यांचे काय बिघडले असावे? आणि आमच्या बाजूला, म्हणजे नेपरविल, ऑरोरा किंवा फार तर शिकागो शहरापर्यंत, अशा बिअर नीट ठेवणारे दुकान शोधताना काय पाहावे? तास-दीड तास गाडी चालवायची माझी तयारी आहे; फक्त पुन्हा तीच निराशा पदरी यायला नको.


भाजणी

नेपरविलकर, मी अकरा वर्षे घरी बिअर बनवतो आहे आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक स्टाउट आहेत, तेव्हा चवीच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. दुकानांचे इतर कोणी अधिक चांगले देऊ शकतील.

ज्याला चॉकलेट माल्ट म्हणतात त्यात चॉकलेट अजिबात नसते. सातूला मोड आणून, वाळवून, मग फिरत्या पिंपात सुमारे २२० अंश सेल्सिअसपर्यंत भाजले की दाण्याचा रंग गडद चॉकलेटसारखा होतो, त्यावरून ते नाव पडले. आपल्या घरी थालीपिठाची भाजणी भाजताना जे घडते त्याच्याच पुढची ही पायरी आहे. ज्वारी, बाजरी आणि डाळी खमंग होतात, त्यानंतर एक क्षण असा येतो की वासात किंचित कडसरपणा डोकावतो आणि आई गॅस बंद करते. माल्ट भाजणारा कारागीर त्या क्षणाच्या पलीकडे जातो आणि दाणा कोळसा होण्याच्या अलीकडे थांबतो. कोकोच्या बिया भाजतानाही साखर आणि प्रथिने यांच्यात तशाच प्रक्रिया होतात, म्हणून दोन्हींचा वास एकमेकांची आठवण करून देतो. हे साम्य जिभेला झालेला भास नाही, ते रसायनातच आहे.

याचा इतिहासही मला फार आवडतो. डॅनिएल व्हीलर या इंग्रज माणसाने १८१७ मध्ये माल्ट भाजण्याच्या बंद पिंपाचे पेटंट घेतले. त्याआधी पोर्टरचा, म्हणजे लंडनच्या जुन्या गडद बिअरचा, काळसर रंग प्रामुख्याने तपकिरी माल्टमधून यायचा आणि त्यासाठी ते बरेच वापरावे लागायचे. व्हीलरच्या भाजलेल्या माल्टची मूठभर भर पुरेशी ठरू लागली, बाकीचे माल्ट फिकट आणि साखरेने भरलेले वापरता येऊ लागले, आणि आज आपण जिला स्टाउट म्हणून ओळखतो ती बिअर त्या पिंपामुळे आकाराला आली. मी स्वतः एकूण धान्याच्या पाच-सहा टक्के चॉकलेट माल्ट घालतो. आठ टक्क्यांच्या वर गेलो की चॉकलेट मागे पडते आणि राखेसारखा तुरटपणा पुढे येतो.

केवळ माल्टच्या बळावर किती चॉकलेट उभे राहते हे पाहायचे असेल तर ब्रुकलिन ब्रुअरीची ब्लॅक चॉकलेट स्टाउट घ्या. गॅरेट ऑलिव्हर यांनी ती १९९४ मध्ये बनवली, तिच्यात अल्कोहोल सुमारे दहा टक्के असते आणि नावात चॉकलेट असूनही आत चॉकलेट किंवा कोको काहीही नसते. श्रीलंकेची लायन स्टाउट याच वाटेने जाते. ती अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी मिळते आणि त्या मानाने स्वस्तही असते. आपल्या शेजारच्या देशात इतकी सुंदर काळी बिअर बनते याचा मला मनापासून आनंद वाटतो.

दुसऱ्या गटात खरोखर कोको घालतात. आपण प्यायलात ती यंग्ज या गटातली, तिच्यात चॉकलेट माल्टबरोबर डार्क चॉकलेट आणि चॉकलेटचा अर्कही असतो. यातली अडचण अशी की कोकोच्या बियांमध्ये वजनाच्या जवळजवळ निम्मी चरबी असते आणि चरबी फेसाची वैरी आहे. पहिल्यांदा मी माल्टच्या उकळत्या रसात चॉकलेटची अख्खी वडी विरघळवली होती. बिअर चवीला बरी झाली, पण पेल्यात ओतताच फेस विरला आणि वर तेलाचा तवंग दिसू लागला. तेव्हापासून मी भाजून भरडलेल्या कोको बिया आंबवणे पूर्ण झाल्यावर घालतो, एकोणीस लिटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास, आणि त्या आधी दोन दिवस थोड्या व्होडकात भिजवतो. तयार बिअरमधले अल्कोहोल वास ओढून घेते आणि चरबी बरीचशी बियांमध्येच राहते. कोको घालणाऱ्या अनेक ब्रुअरी मोठ्या प्रमाणावर हेच करतात.

तिसरी गोष्ट म्हणजे गोडवा. कोको स्वतः कडू असतो, आपल्याला चॉकलेट म्हणून जे आठवते त्यात साखर आणि दूध असते. पण बिअरमध्ये साधी साखर घातली तर यीस्ट ती खाऊन टाकते. म्हणून दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, घालतात, कारण बिअरच्या यीस्टला ती पचत नाही आणि गोडवा तसाच राहतो. अशा स्टाउटलाच मिल्क स्टाउट म्हणतात. इंग्लंडात केंट परगण्यातील हाइथ गावी मॅकेसन ब्रुअरीने १९०७ मध्ये ती बाजारात आणली. कोलोरॅडोतल्या लाँगमाँट गावची लेफ्ट हँड मिल्क स्टाउट आज सहज मिळते. तिच्यात कोको नाही, तरीही पहिल्या घोटाला कोणीही चॉकलेटच म्हणेल. आपल्यापैकी ज्यांना दूध पचत नाही त्यांनी मात्र कॅनवर लॅक्टोजचा उल्लेख आहे का हे आवर्जून पाहावे, कारण चॉकलेट स्टाउट म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक बिअरमध्ये ते असते. आपल्या लोकांत हा त्रास बराच आढळतो आणि दोष उगाच बिअरवर जातो.


लेकशोअर

भाजणी यांनी चवीचे इतके नीट सांगितले आहे की मी थेट आपल्या बाटल्यांकडे आणि दुकानांकडे वळते. शिकागोत मला अठरा वर्षे झाली आणि काळ्या बिअरच्या शोधात मी या परिसरातली बरीच दुकाने पाहिली आहेत.

आपल्या बाटल्या जुन्या झाल्या होत्या, यात मला शंका वाटत नाही. बाटलीत शिरलेल्या किंवा राहून गेलेल्या प्राणवायूमुळे बिअर हळूहळू शिळी होते. फिकट बिअरमध्ये त्याची चव पुठ्ठ्यासारखी लागते, काळ्या बिअरमध्ये तिच्या जोडीला सोया सॉससारखा खारट-आंबूस वास येतो. उष्णतेने हे सगळे वेगाने घडते, आणि काचेलगतच्या वरच्या फळीवर ऊनही असते आणि हीटरची ऊबही. उन्हाचा दुसरा दुष्परिणाम वेगळाच आहे. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुले, यांच्यातल्या कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की गंधकयुक्त, उग्र वास तयार होतो. तपकिरी काच बरेच रक्षण करते, हिरवी फारच थोडे, आणि पारदर्शक काच काहीच नाही. म्हणून मला कॅन आणि बाटली यांत निवड करायची झाली तर मी नेहमी कॅन घेते.

आता दुकान. दुकानात किती प्रकारची बिअर आहे याच्यापेक्षा तिथला माल किती लवकर हलतो हे मी आधी पाहते. फळीवर हजार प्रकार मांडलेले दुकान लांबून श्रीमंत दिसते, पण त्यातले सातशे प्रकार वर्षभर जागचे हलत नसतील तर दीडशे प्रकार ठेवून दर आठवड्याला नवे खोके फोडणारे दुकान कितीतरी पटींनी चांगले. आत शिरल्यावर मी चार-पाच कॅन उलटे करून तळावरची तारीख वाचते. काही ब्रुअरी कॅन भरल्याची तारीख सरळ लिहितात, काही फक्त मुदत संपण्याची लिहितात, आणि काहींवर वर्षातला कितवा दिवस एवढाच तीन आकडी क्रमांक असतो. ०४५ म्हणजे चौदा फेब्रुवारी. पाच-सहा टक्क्यांची चॉकलेट स्टाउट मी भरल्यापासून चार ते सहा महिन्यांच्या आतली घेते. दहा टक्क्यांच्या वरची इम्पीरियल, म्हणजे अधिक तीव्र, स्टाउट वर्षानुवर्षे टिकते हे खरे असले तरी तिच्यातला कोको, कॉफी आणि व्हॅनिला यांचा वास त्याआधीच विरतो, तेव्हा कोकोसाठीच घेतलेली बाटली तळघरात मुरवत ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही.

दुसरी परीक्षा माणसाची. बिअरच्या भागात काम करणाऱ्या व्यक्तीला, मला गोड न लागणारी पण चॉकलेटची चव असलेली काळी बिअर हवी आहे, एवढेच सांगावे. ती व्यक्ती उलट प्रश्न विचारू लागली, म्हणजे कॉफी चालेल का, किती तीव्र हवी, आज रात्रीच प्यायची आहे का, तर त्या दुकानात पुन्हा जावे. जाहिरातीतल्या बिअरकडे फक्त बोट दाखवले तर समजून घ्यावे.

आपल्या भागात बिनीजपासून सुरुवात करावी असे मी सुचवेन. हॅरल्ड बिनस्टीन यांनी १९४८ मध्ये सुरू केलेला हा शिकागोचा घरचा व्यवसाय आहे, इलिनॉयभर त्यांची चाळीसहून अधिक दुकाने आहेत आणि त्यातले एक नेपरविलमध्येच आहे. शहरातले साउथ लूपचे दुकान फार मोठे आहे, एकदा तरी सवडीने जाऊन पाहण्यासारखे. मात्र मोठ्या दुकानातही तारीख पाहण्याचा नियम सोडू नये. आणि जिथे सहाच्या खोक्याऐवजी सुटे कॅन निवडून घेता येतात तिथून सुरुवात करावी. सहा वेगवेगळ्या स्टाउट एकेक करून चाखल्या की आपली आवड महिन्याभरात आपल्याला कळते.

अमुक बिअर अमुक दुकानात का नाही, याचे कारण पुष्कळदा दुकानदाराच्या हाती नसते, हेही सांगायला हवे. १९३३ मध्ये दारूबंदी उठल्यावर बहुतेक राज्यांनी उत्पादक, वितरक आणि विक्रेता अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था आणली आणि प्रत्येक राज्याने आपापले नियम केले. शेजारच्या मिशिगनमधली बेल्स ही ब्रुअरी २००६ मध्ये वितरणाच्या हक्कांच्या वादातून इलिनॉयमधून बाहेर पडली आणि काही काळ तिची बिअर शिकागोत मिळेनाशी झाली. तिची एक्सपिडिशन स्टाउट माझी अतिशय आवडती असल्यामुळे तो काळ मला चांगला आठवतो. आज ती पुन्हा मिळते. घट्ट, काकवीसारखी, साडेदहा टक्क्यांची. राज्याची सीमा ओलांडून इंडियानात गेलात तर तिथे किराणा दुकानांना गार बिअर विकता येत नाही, ती मद्याच्या दुकानांतच मिळते.

ग्रँड रॅपिड्सच्या फाउंडर्सची ब्रेकफास्ट स्टाउट विसरू नका. ओट, चॉकलेट आणि कॉफी तिन्ही तिच्यात आहेत आणि ८.३ टक्के अल्कोहोल असूनही ती जड वाटत नाही. आणि शहराच्या केझी अव्हेन्यूवरच्या रेव्होल्यूशन ब्रुअरीत जाऊन थेट नळावरची काळी बिअर प्यावी. दुकानात फळीवर तिचे काय झाले असेल ही चिंताच तिथे उरत नाही.

एक आठवण इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. किन्झी स्ट्रीटवर ब्लॉमर कंपनीचा कोकोचा कारखाना १९३९ पासून होता. वारा अनुकूल असला की नदीच्या पश्चिमेचा सगळा भाग भाजलेल्या कोकोने दरवळायचा, आणि कामावरून परतताना मी पुलावर मुद्दाम दोन मिनिटे थांबायचे. २०२४ मध्ये तो बंद झाला. चांगल्या चॉकलेट स्टाउटचा पेला नाकाशी नेला की तो पूल आठवतो, आणि मला वाटते या शहराला ही बिअर आवडण्यामागे त्या वासाचाही थोडा वाटा असावा.


नेपरविलकर

भाजणी आणि लेकशोअर, आपण दोघांनी इतका वेळ दिलात याबद्दल मनापासून आभार. जुन्या बाटल्यांपैकी एक रिकामी बाटली अजून गॅरेजमध्ये होती, तिच्यावरची मुदत शोधून वाचली. ती मी विकत घेण्याच्या सात महिने आधीच संपलेली होती. दुकानदारांनी जाणूनबुजून दिली असे मी म्हणणार नाही, परंतु विचारल्यावर त्यांनीही बाटली उलटून पाहायला हवी होती.

दोन गोष्टी अजून कळलेल्या नाहीत. स्नेह्यांच्या घरी जो सायीसारखा फेस होता तो कशामुळे? आणि ही बिअर किती थंड करावी?


टेम्सतीर

मी लंडनला असतो आणि यंग्जचा विषय निघाल्यामुळे लिहितो. आपल्याला दिलेली बिअर बहुधा कॅनमधली असावी. साध्या बिअरमध्ये फक्त कार्बन डायऑक्साइड असतो, तर या कॅनमध्ये नायट्रोजनही भरलेला असतो आणि तळाशी प्लास्टिकची एक छोटी पोकळ गोळी असते. कॅन उघडताच दाब उतरतो, गोळीतला वायू बारीक छिद्रातून जोराने बाहेर पडतो आणि लक्षावधी सूक्ष्म बुडबुडे तयार होतात. नायट्रोजन पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून ते बुडबुडे लहान आणि टिकाऊ राहतात. गिनेसने ही युक्ती १९८८ मध्ये कॅनमध्ये आणली. बाटलीतली तीच बिअर अधिक चुणचुणीत लागते आणि तिच्यात भाजलेल्या माल्टचा कडवटपणा अधिक स्पष्ट जाणवतो; दोन्ही शेजारी ठेवून एकदा अवश्य पाहावे.

थंडपणाबाबत सांगायचे तर दहा ते तेरा अंश सेल्सिअस. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवावी आणि मगच ओतावी. बर्फासारख्या थंड बिअरमधून वास वर येतच नाही, आणि ज्या बिअरचे निम्मे सुख वासात आहे तिला त्या थंडीत कोंडणे योग्य नाही. माझ्या घरी आलेल्या पाहुण्यांना मी पहिला घोट थंड असताना आणि शेवटचा वीस मिनिटांनी घ्यायला लावतो. एकाच पेल्यात दोन वेगळ्या बिअर असल्यासारखे त्यांना वाटते.

यंग्जची मूळ ब्रुअरी दक्षिण लंडनमध्ये वाँड्सवर्थला होती. ती २००६ मध्ये बंद झाली आणि बिअर बनवण्याचे काम बेडफर्डला गेले. त्यामुळे डबल चॉकलेट आज नावापुरतीच लंडनची आहे, पण चवीत मला अजूनही तिची तक्रार नाही. तिच्या जोडीला यॉर्कशरमधील टॅडकॅस्टरच्या सॅम्युएल स्मिथची ऑरगॅनिक चॉकलेट स्टाउट शोधावी. ही ब्रुअरी १७५८ पासून चालू आहे आणि तिची बिअर अमेरिकेतही जाते. ती यंग्जपेक्षा गोड आहे, वितळलेल्या चॉकलेटच्या जवळ जाणारी. त्यांच्या काही बाटल्या पारदर्शक काचेच्या असतात, म्हणून लेकशोअर यांनी सांगितलेली प्रकाशाची गोष्ट इथे विशेष ध्यानात ठेवावी आणि फळीच्या पुढच्या रांगेतली बाटली न घेता मागची, अंधारातली घ्यावी, किंवा खोक्यातून काढून मागावी.

मराठी वाचकांसाठी यात आणखी एक धागा आहे. स्टाउट ही मुळात पोर्टरची तगडी बहीण, स्टाउट पोर्टर म्हणजे कडक पोर्टर. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत लंडनच्या ब्रुअरी पोर्टरची पिंपे जहाजांनी दूरवर पाठवत, बाल्टिक समुद्रातून रशियाकडे आणि आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानाकडेही. आपल्याकडे तिची रवानगी मुख्यतः गोऱ्या सैनिकांसाठी होती. लंडनच्या बर्मंडसी भागातल्या कर्नेल ब्रुअरीची स्थापना २००९ ची असली तरी ती त्या जुन्या पाककृतींवर काम करते आणि तिच्या एका बिअरचे नावच एक्स्पोर्ट इंडिया पोर्टर आहे. साध्या तपकिरी कागदाचे लेबल असते. तिच्यात चॉकलेटच्या जोडीला हॉप्सचा करकरीत कडवटपणाही आहे. जिथे थ्रेल आणि नंतर बार्कली-पर्किन्स यांची प्रचंड ब्रुअरी उभी होती, जिची स्टाउट रशियाच्या दरबारात जात असे, ती सदर्कमधली पार्क स्ट्रीट तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ब्रुअरी आता नाही, भिंतीवर एक पाटी आहे. लंडनला येणे झाले तर ती पाहून शेजारच्या बरो मार्केटमध्ये जावे.


मेतकूट

या चर्चेत खाण्याचा विषय अजून निघालेला नाही, म्हणून थोडे लिहिते. चॉकलेट स्टाउट आणि तिखट यांचे जमत नाही असे मला पूर्वी सांगण्यात आले होते, आणि ते अर्धेच खरे आहे. कोरड्या, कडू स्टाउटबरोबर कोल्हापुरी रस्सा घेतला तर कडवटपणामुळे तिखट अधिकच झोंबते. त्याच रश्श्याबरोबर लॅक्टोज घातलेली मिल्क स्टाउट घ्या, तिखट शांत होते आणि भाजलेल्या खोबऱ्याची चव बिअरमधल्या भाजलेल्या माल्टला जाऊन भिडते. सुके मटण, काळा मसाला घातलेली भरली वांगी, तीळ आणि खोबरे भाजून केलेले कोणतेही वाटण यांच्याशी तिचे नाते लगेच जुळते, कारण दोन्हीकडे भाजण्याचीच करामत आहे.

गोडात मात्र जपून निवडावे. पेल्यातल्या बिअरपेक्षा पदार्थ अधिक गोड असला तर बिअर पातळ आणि आंबट लागते. गुलाबजामाबरोबर मी यंग्ज पिऊन पाहिली, तिचे चॉकलेट पार नाहीसे झाले. तिळगुळाची कुरकुरीत वडी, दाण्याची चिक्की किंवा खारे दाणे छान लागतात. सगळ्यांत उत्तम म्हणजे व्हॅनिला आइस्क्रीमचा एक गोळा पेल्यात टाकून वरून स्टाउट ओतणे. थंडी सरत आली की आमच्याकडे हे ठरलेले असते. दालचिनी आणि मिरची घातलेल्या मेक्सिकन धाटणीच्या स्टाउटही पाहाव्यात. सेंट लुइसच्या पेरेनियल ब्रुअरीची अ‍ॅब्रॅक्सस ही अँचो मिरची, कोको, व्हॅनिला आणि दालचिनी घातलेली असते. मिरची आणि चॉकलेट एकत्र म्हटल्यावर नाक मुरडणारे माझे सासरे ती पिऊन बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग त्यांनी पेला पुढे केला.

दहा टक्क्यांची बिअर ही बिअर म्हणून न मोजता वाइनसारखी मोजावी, एवढे सांगते. आम्ही एक बाटली चौघांत वाटतो आणि ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांना त्यातून वगळतो.


कर्वेरोड

पुण्याहून लिहितो आहे. नेपरविलकर, आपण इथे होतात तेव्हापासून बराच फरक पडला आहे. २००९ मध्ये डुलालीने इथे छोटी ब्रुअरी सुरू केल्यानंतर जागीच बिअर बनवून विकणारी ठिकाणे वाढली आणि त्यांच्या नळांवर अधूनमधून कोको किंवा कॉफीची स्टाउट येते. बिअर शॉपीत मात्र अजूनही फळ्या लागरनेच, म्हणजे पिवळ्या, थंड प्यायच्या बिअरनेच, भरलेल्या असतात. काळी बिअर मागितली की मला बहुतेक वेळा छत्तीसगडमध्ये बनणारी सिंबा स्टाउट मिळते. तिच्यात कोको नाही, पण माल्टचा भाजकेपणा ठीक उतरला आहे. उन्हाळ्यात चाळीस अंशांत बिअरची खोकी टेम्पोतून कशी फिरतात हे पाहिल्यावर लेकशोअर यांचा तारखेचा नियम इथे दुप्पट कडक पाळावा असे वाटते. मी तर पावसाळा सुरू झाल्यानंतर भरलेलीच बाटली घेतो.


नेपरविलकर

सर्वांचे पुन्हा आभार. शनिवारी दुपारी नेपरविलच्या बिनीजमध्ये गेलो आणि लेकशोअर यांनी सुचवलेले वाक्य तिथल्या तरुणीला जसेच्या तसे सांगितले. तिने खरोखरच तीन प्रश्न विचारले आणि सहा सुटे नग निवडून दिले, त्यातल्या एकावरची तारीख जुनी दिसल्यावर तिने स्वतःच तो बाजूला ठेवला आणि आतून दुसरा आणला. यंग्जचा कॅन, सॅम्युएल स्मिथची बाटली, लेफ्ट हँड, फाउंडर्स, बेल्सची एक्सपिडिशन आणि लायन, असे सहा आता तळघरात आहेत.

काल रात्री यंग्ज आणि लायन शेजारी शेजारी ठेवून प्यायलो, दोन्ही अर्धा तास बाहेर ठेवून. पत्नीला कोणती कोणाची हे सांगितले नव्हते. खरे चॉकलेट कशात आहे असे विचारल्यावर तिने न अडखळता लायनचा पेला उचलला. भाजणी, तिचे म्हणणे असे की तिला त्यात आईच्या हातच्या नाचणीच्या खरपूस भाकरीचा वास आला, आणि मग मलाही तो येऊ लागला.